पुढचं डावं चाक पुन्हा ढिलं: जुन्या जीपला डिस्क ब्रेक बसवल्यानंतरचं दुखणं

चिखलदऱ्याचा घाट उतरून धामणगाव गढी ओलांडली आणि वीसच्या स्पीडला ‘टक्… टक्…’ सुरू झालं. ब्रेकवर पाय ठेवला की आवाज बंद, पाय उचलला की पुन्हा सुरू. उतरून पुढच्या डाव्या चाकाच्या नटांना हात लावला, तर पाचपैकी तीन बोटांनी फिरले. आठ महिन्यांतली ही पाचवी वेळ. दर वेळी मी टॉमी (पान्याचा दांडा) लावून नट कसत होतो आणि दर वेळी दोन-अडीचशे किलोमीटरमध्ये तेच.

आता ते बंद झालंय. पण कारण एक नव्हतं, तीन होती. एक सापडलं की वाटायचं, झालं. आणि पुढच्या महिन्यात दुसरं डोकं वर काढायचं. जुन्या जीपला मारुती जिप्सीची डिस्क लावणारे आमच्या अमरावती जिल्ह्यात बरेच आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी महिंद्राची सीजे-३बी, उंच बॉनेटवाली. हरिकेन इंजिन मावावं म्हणून विलीज कंपनीने १९५३ मध्ये बॉनेट उंच केलं ते हे मॉडेल. महिंद्राने तेच पुढे कितीतरी वर्षं काढलं. बाबांनी संत्र्याच्या बागेसाठी सेकंडहँड घेतली होती. हिला चारही चाकांना नऊ इंची ड्रम ब्रेक. शेतात आणि बाजारापर्यंत ते पुरतात. पण चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास उंचीवर, तिथून मोथ्याकडे उतरायला लागलं की चौथ्या-पाचव्या वळणानंतर पॅडल कडक लागतं आणि गाडी मात्र थांबत नाही. ड्रम तापतो, फुगतो, लायनर चिकटपणा सोडतं. पावसाळ्यात नाला ओलांडला की वेगळीच तऱ्हा: एक ड्रम ओला, एक कोरडा, गाडी सरळ बांधाकडे.

म्हणून गेल्या दिवाळीनंतर पुढच्या दोन चाकांना जिप्सीची डिस्क आणि कॅलिपर (डिस्कला दोन्हीकडून चिमटीत धरणारा भाग) बसवून घेतले. ही जोडी जमते त्याचं कारण सोपं आहे. जीपच्या पाच स्टडचं (चाकाचे नट ज्यांच्यावर चढतात त्या आटेवाल्या दांड्यांचं) वर्तुळ साडेपाच इंच व्यासाचं, म्हणजे १३९.७ मिलिमीटर, आणि जिप्सीचंही तेवढंच. रिम अदलाबदल होतात, डिस्कची भोकं जुळतात. पण ‘भोकं जुळली’ एवढ्यावर काम झालं असं धरलं, तिथेच घोळ झाला.

आधी काय काय करून पाहिलं ते सांगतो, कारण तुम्हीही तेच करत असाल. स्प्रिंग वायसर टाकले. नटावर दुसरा नट कसला. आट्यांना चिकटवण्याचं द्रावण लावलं. एका सद्गृहस्थाने टॉमीला चार फुटी पाइप लावून त्यावर उभं राहायला सांगितलं, तेही केलं. चाकाला यातलं काहीही लावू नका. नट चाकाला हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या तुंब्यावर, दाबून धरतो. कसताना स्टड ताणला जातो, रबरासारखा, पण फार थोडा. त्या ताणाने रिम हबवर इतकी घट्ट बसते की गाडीचं ओझं त्या दोन पृष्ठभागांमधल्या घर्षणावर जातं, स्टडवर नाही. हा ताण गेला की रिम सूतभर सरकते, मागेपुढे करते आणि नट आपोआप फिरतात. म्हणजे नट ढिला होणं हा शेवटचा टप्पा. त्याच्या आधी काहीतरी बसलेलं, घसरलेलं किंवा चिरडलेलं असतं, आणि स्प्रिंग वायसर घालून आपण दबणाऱ्या गोष्टींत आणखी एकीची भर टाकतो.

आणखी एक सल्ला गावोगाव मिळतो. जुन्या जीपच्या डाव्या चाकांना डावे आटे असायचे, उलटे फिरणारे. तुझ्या नव्या स्टडला उजवे आटे आहेत, म्हणून डावं चाक ढिलं होतं, असं आमच्या मिस्त्रीचंही म्हणणं पडलं. “कंपनी काही येडी होती काय भाऊ? डाव्या चक्क्याले डावी चुडी दिली ते कायले?” वरवर पटण्यासारखं आहे, आणि थोडं खरंही आहे. ताण गेल्यावर चाकाच्या फिरण्याने नट कुठल्या बाजूला सरकेल हे आट्याच्या दिशेवर ठरतं, म्हणून माझं डावं आधी सुटायचं. पण ताण टिकला तर दिशेने फरक पडत नाही. आज रस्त्यावरच्या कार दोन्ही बाजूंना उजव्याच आट्यांवर चालतात. डावे आटे परत आणून दुखणं झाकलं गेलं असतं, एवढंच.

शेवटी जूनमध्ये, पेरणीच्या आधी, व्हर्निअर घेऊन बसलो. आधी चाक जॅकवर उचलून वरखाली हलवलं. किंचित खेळ होता. कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला लावा आणि पुन्हा हलवा: खेळ गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक डावी-उजवीकडे वळतं ती खीळ. माझा बेअरिंगचा निघाला, बेअरिंगचा नट जरासा कसल्यावर गेला. दुखणं ते नव्हतं.

मग नट मोजले, आणि मी कपाळाला हात लावला.

जिप्सीचा स्टड १२ मिलिमीटरचा, आट्यांमधलं अंतर १.२५. जीपचा मूळ स्टड अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटर, इंचाला वीस आटे, म्हणजे अंतर १.२७. आता हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. अंतरातला फरक केसाएवढा, त्यामुळे अर्ध्या इंचाचा नट १२ च्या स्टडवर बोटांनी अगदी मऊ फिरत जातो, अडत नाही, आणि माणसाला वाटतं, वा, काय छान बसला. पण नटाच्या आट्यांची टोकं स्टडच्या आट्यांना जेमतेम वरवर पकडतात, कडेला दोन-तीन दशांश मिलिमीटर. कसलं की थोडा वेळ घट्ट लागतं, मग आट्यांची टोकं चिरडतात आणि ताण निघून जातो. पाइप लावून त्यावर उभं राहिलं, तर हे चिरडणं आपल्याच हातून घडतं.

डाव्याच चाकाला हे का? स्टड भंगारातल्या जिप्सीचे आले होते, दहा स्टड आणि सहाच धड नट. पाच उजव्या चाकाला लागले. डाव्यासाठी मिस्त्रीने उजव्या चाकाचे जुने, अर्ध्या इंचाचे नट काढून लावले, कारण डाव्याचे जुने नट उलट्या आट्यांचे, ते चढेचनात. मिस्त्रीचा दोष म्हणवत नाही. हाताला खरंच फरक कळत नाही. स्वतः तपासायचं तर नट स्टडवर दोनच आटे चढवा आणि आडवा हलवून पाहा. बरोबर नट जवळपास हलत नाही, चुकीचा खडखडतो.

१२ च्या मापाचे नवीन नट अमरावतीहून आणले. चारशे किलोमीटर शांततेत गेले. पण टूलबॉक्समध्ये आता तीन जातीचे नट झाले होते: पुढे १२ चे, मागे उजवीकडे अर्ध्या इंचाचे सरळ, मागे डावीकडे अर्ध्या इंचाचे उलटे. पंक्चरवाल्याने चारही चाकांचे नट एका ताटलीत टाकले असते तर खेळ पुन्हा सुरू. हे डोक्यात होतं, पण ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत राहिलो.

सहाव्यांदा ढिलं झालं तेव्हा वेगळंच दिसलं. नट सोडायला पाना लावला, तर नटाबरोबर स्टडच फिरायला लागला.

या जुन्या जीपच्या हबची एक खोड आहे, ती ठाऊक नसेल तर डिस्क लावणारा हमखास फसतो. मूळ बांधणीत ड्रम आणि हब स्टडनेच एकत्र जखडलेले असतात. स्टड मागून ठोकून पुढच्या बाजूला त्याची मान ठेचून पसरवलेली असते, रिव्हेटसारखी. डिस्क लावायची तर ड्रम हबपासून सोडवावा लागतो. घाईत लोक घन घेऊन स्टड मागे ठोकतात. मग ती पसरलेली मान हबच्या भोकातून ओरबाडत जाते आणि भोक मोठं करून ठेवते. त्यात नवा स्टड दाबला की त्याच्या मानेवरच्या दातऱ्यांना धरायला धातूच उरत नाही. माझ्या हबला हेच झालं होतं. वर जिप्सीचा स्टड मुळात बारीक. तो फिरू नये म्हणून मागून वेल्डिंगचे दोन टिपके मारलेले.

वेल्डिंगचा स्टड दिसला तर गाडी तिथेच उभी करा. त्यात शोधायला, दुरुस्त करायला काही नाही. स्टडचं पोलाद पाणी दिलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने एका जागी मऊ होतं, शेजारी काचेसारखं ठिसूळ. शिवाय टिपक्यामुळे स्टडचं डोकं हबवर सपाट बसत नाही. ओझं आलं की टिपका दबतो, स्टड हलतो, ताण जातो. माझ्या पाचपैकी दोन स्टडचे टिपके तडकलेले निघाले. त्या स्टडवर मी संत्र्याचे क्रेट लादून घाट उतरलो होतो.

तो हब टाकून दिला आणि भंगारातून दुसरा धड हब शोधला. खराद चालवणाऱ्या काकाजींनी या वेळी रीतसर काम केलं: आधी स्टडची पसरलेली मान कापून काढली, मग प्रेसवर स्टड दाबून बाहेर. भोकं शाबूत राहिली. त्यांनीच विचारलं, “पुन्हा बाराचेच लावतं काय? मंग मागचे चक्के काय करतं?” त्यांचं म्हणणं मला पटलं. अर्ध्या इंचाचे, उजव्या आट्यांचे, हबच्या भोकाला घट्ट बसतील अशा दातऱ्यांचे नवे स्टड पुढच्या दोन्ही चाकांना दाबले आणि डिस्कची भोकं तेवढी मोठी करून घेतली. स्टड प्रेसनेच दाबा. नट कसून खेचत आणायची पद्धत आहे, पण त्यात नव्या स्टडचे आटे पहिल्याच दिवशी ताणले जातात. डिस्क बसल्यावर डायल गेज लावून फिरवा. माझ्या डिस्कची डुलकी (फिरताना आत-बाहेर हलणं) ०.१ मिलिमीटरच्या आत आली तेव्हाच कॅलिपर चढवला. हबवर गंजाची एक खपली राहिली तरी डिस्क तिरपी बसते आणि ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरतं.

तिसरं कारण मात्र माझं स्वतःचं. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवताना उरलेल्या लाल रंगाकडे पाहून हुक्की आली आणि जीपच्या रिमही रंगवून काढल्या. दोन जाड हात, आतून-बाहेरून, नट बसतात त्या खोलगट जागाही झाकून. आठवड्यात डावं चाक सातव्यांदा ढिलं. रंग दाबाखाली पसरतो आणि तेवढाच ताण कमी होतो. रिम हबला टेकते तिथे आणि नटाच्या बैठकीवर रंग नको, ग्रीसही नको. पॉलिश पेपरने धातू उघडा केला आणि तेव्हापासून नट जागचा हललेला नाही. पाच नट ताऱ्याच्या क्रमाने, एक सोडून एक कसायचे. अर्ध्या इंचाच्या स्टडला मी टॉर्क पान्याने १०० न्यूटन-मीटर धरतो आणि पन्नास किलोमीटर झाले की पुन्हा तपासतो. नट आणि रिमवर खडूची एक रेघ ओढून ठेवली, तर रोज नुसत्या नजरेनेच कळतं.

ज्यांना स्टडचं वर्तुळच बदलायचंय, म्हणजे दुसऱ्या गाडीचे रिम चढवायचेत, त्यांच्यासाठी थोडं. पाच स्टडचं वर्तुळ थेट मोजता येत नाही, समोर स्टडच नसतो. शेजारच्या दोन स्टडच्या केंद्रांतलं अंतर मोजा आणि १.७०१ ने गुणा. जीपला ते ८२.१ मिलिमीटर येतं, गुणाकार १३९.७. चार स्टडला समोरासमोरचं अंतर घ्या, संपलं. ‘जवळपास जुळतं’ या शब्दापासून मात्र लांब राहा. माझ्या मामेभावाने पालिओला स्विफ्टच्या रिम लावल्या होत्या. पालिओचं वर्तुळ ९८, स्विफ्टचं १००. बोल्ट आत गेले, कसलेही गेले, फक्त सगळे किंचित तिरपे बसले. ऐंशीच्या पुढे गाडी थरथरायची आणि तो महिनाभर व्हील बॅलन्सिंग करून घेत फिरत होता. जुन्या हबला नव्या वर्तुळाची भोकं पाडायची तर ती जुन्या भोकांच्या मध्ये, भरपूर धातू सोडून, आणि खरादवर विभागून पाडलेली हवीत. हातातल्या ड्रिलने आणि जुन्या रिमचा साचा ठेवून नाही. जाड ॲल्युमिनियमचे अडॅप्टर मिळतात, पण त्यात नटांची एक आतली रांग वाढते जी रिमखाली झाकलेली राहते. मला जे नट दिसत नाहीत त्यांच्यावर घाट उतरायची माझी तयारी नाही.

आता ब्रेकचं. चाकाच्या नादात हे दुखणं मी उशिरा ओळखलं. डिस्क बसवल्यापासून उन्हात तासभर गाडी चालली की पुढची चाकं जड व्हायची. रिमला हात लावला की पोळायचं. कॅलिपर जाम म्हणून दोनदा खोलला, काही निघालं नाही.

अशा वेळी चाक जॅकवर उचलून आधी कॅलिपरचा निपल (एअर काढायचा छोटा स्क्रू) जरा ढिला करा. चाक सुटलं तर कॅलिपर ठीक आहे, तेलाचा दाब अडकलाय. सुटलं नाही तर कॅलिपरच्या सरकपिना किंवा पिस्टन जाम. दाब अडकलाय असं दिसलं, तर पुढच्या वेळी निपलला हात न लावता मास्टर सिलिंडरजवळची (पॅडल दाबलं की जिथून तेलाचा दाब निघतो तिथली) नळी ढिली करा. तिथेच चाक सुटलं तर दोष मास्टरमध्ये. तिथे सुटत नाही आणि निपलला सुटतं, तर मधला रबरी होज आतून फुगलाय. माझा दोष मास्टरचा निघाला, तोही दुहेरी. एक, पॅडलला मोकळी हालच नव्हती, दट्ट्या कायम जरासा पुढे ढकललेला. त्यामुळे तेल परत टाकीत जायचं बारीक भोक झाकलेलं. तापून तेल फुगलं की जायला जागा नाही, ब्रेक आपोआप लागत जातात. अर्ध्या इंचाची मोकळी हाल ठेवली. दोन, ड्रमच्या मास्टरमध्ये सुमारे १० पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप) दाब अडवून ठेवणारा छोटा वाल असतो, व्हील सिलिंडरचे वॉशर घट्ट राहावेत म्हणून. डिस्कला तेवढा दाब म्हणजे सतत ब्रेक.

तो वाल काढला तर गोष्ट उलटी झाली: रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिलं पॅडल तळाला. कारण जुन्या जीपचा मास्टर पायाखाली, चॅसीला, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर. तेल हळूहळू मागे ओघळतं. त्यावर पुढच्या लाइनमध्ये २ पीएसआयचा वाल बसवायचा, मागच्या ड्रमच्या लाइनमध्ये १० चा राहू द्यायचा. दोन लाइन वेगळ्या करायच्या म्हणून तिथेच दुहेरी मास्टर घेतला. जुन्या जीपला एकच लाइन, एक नळी फुटली की चारही चाकं गेली. घाटात उतरणाऱ्याने डिस्कच्या आधी हा खर्च करावा, असं माझं मत आहे.

पॅडल स्पंजासारखं लागतंय आणि पाच वेळा एअर काढूनही जात नाही, तर निपल कुठे आहे ते बघा. डावा-उजवा कॅलिपर उलटे बसले की निपल खाली येतो आणि हवा वरच्या कोपऱ्यात बसून राहते. आमचे पहिल्या दिवशी तसेच बसले होते. ब्रेक ऑइल डॉट ४ वापरतो. कोरडं असताना ते २३० अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ३ चं २०५. पण दोन्ही हवेतलं पाणी शोषतात आणि पाणी मिसळलं की हे आकडे १५५ आणि १४० वर येतात. म्हणून दर दोन वर्षांनी पावसाळा सरला की बदलतो.

दिवाळीच्या आधी मागच्या डाव्या चाकाचेही उलटे स्टड काढून उजवे बसवले, म्हणजे चारही चाकांना एकच नट, एकच पाना. त्यातून एक नवीन भानगड निघाली. बाजारात पंक्चर झालं तेव्हा जीप ओळखणारा एक म्हातारा ड्रायव्हर मदतीला धावला. मी टायर आणायला गेलेलो. त्याला ठाऊक, जीपचं डावं चाक उलटं सुटतं. त्याने पान्यावर उभं राहून, मनापासून, सोडायच्या दिशेला म्हणून नट कसला आणि स्टड तोडला. आता त्याच उरलेल्या लाल रंगाने डाव्या मडगार्डवर लिहून ठेवलंय: ‘चारही चक्के सरळ चुडी’.